मृग लागण्यापूर्वी अंगणात काय करावे आणि काय लांबणीवर टाकावे

ऐरोलीच्या खाडीकडच्या भागात रो-हाउसमध्ये राहणाऱ्या एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरापुढे १२ फूट बाय २० फुटांची हिरवळ आहे आणि मे महिन्यात ती पिवळी पडली आहे. घरामागे १० फूट बाय २० फुटांचे मातीचे अंगण आहे आणि तिथे गेल्या दोन पावसाळ्यांत चार-चार दिवस पाणी साचून राहिले. फाटकालगत जुना गुलमोहर आहे. शेजाऱ्यांनी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवून मोकळे व्हा असा सल्ला दिला आहे. या दोघांना मात्र मागे नारळ आणि आंबा लावायचा आहे, पुढे नवी हिरवळ घालायची आहे, आणि हे सारे पाऊस पडण्यापूर्वी उरकेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत गेली २२ वर्षे मी घरगुती बागांची कामे करते, आणि दर मे महिन्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतो. तुमच्या हातात असलेल्या तीन आठवड्यांत पावसाच्या पाण्याला वाट करून द्यावी, माती तयार करावी आणि गुलमोहराकडे पाहून घ्यावे. लागवड, हिरवळ आणि फरशी ही तिन्ही कामे पुढे ढकलावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यात साधारण ११ जूनच्या सुमारास पोहोचतो असे हवामान विभागाचे वेळापत्रक सांगते, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला होता. त्यामुळे पाण्याशी संबंधित कामांची मुदत मी मृगाची न धरता रोहिणीची, म्हणजे २५ मेची, धरते.

आधी पाण्याचा हिशेब मांडू, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. तुमची पुढची आणि मागची जागा मिळून ४४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४१ चौरस मीटर भरते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत आपल्याकडे तसे दिवस येतातच, तर एवढ्या जागेवर ४,१०० लिटर पाणी पडते. घराचे छप्पर ६० चौरस मीटर धरले तर त्यावरून आणखी ६,००० लिटर खाली येते. म्हणजे एका मोठ्या टँकरइतके पाणी एका दिवसात तुमच्या कुंपणाच्या आत उतरते, आणि गच्चीचा पाईप मागच्या अंगणात सोडलेला असेल (बहुतेक रो-हाउसमध्ये तो तसाच असतो), तर त्यातला मोठा वाटा तुम्ही तक्रार करता त्याच जागेवर येऊन पडतो. मागे जाऊन तो पाईप कुठे उघडतो ते सर्वांत आधी पाहा. माझ्या अनुभवात तुंबणाऱ्या दर दोन अंगणांपैकी एकाचे दुखणे मातीत नसून त्या पाईपच्या तोंडाशी असते.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर खाडीलगतची नवी मुंबई खारजमिनीवर आणि खाजणावर मुरुमाची भरणी करून वसवली गेली. त्यामुळे तुमच्या अंगणात वरची फूट-दीड फूट माती आणि मुरूम, त्यात बांधकामावेळचे डेब्रिज, आणि त्याखाली खाडीची काळी चिकण माती असण्याची शक्यता फार मोठी आहे. ही चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही. शिवाय भरतीच्या वेळी खाडीची पातळी वर असते, पावसाळी गटारांचे पाणी धारण तलावांत थोपवून धरलेले असते, आणि जोराची सर नेमकी त्याच तासांत आली तर गटारालाही उतार उरत नाही. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला याच्या उलट स्थिती असते: तिथे पाणी थांबत नाही, माती घेऊन पळते, आणि म्हणून तिथे मी बांध आणि शोषखड्डा सुचवते. ठाण्यातल्या कुणा नातेवाइकांच्या बागेत यशस्वी झालेला उपाय ऐरोलीत जसाच्या तसा उचलू नये, तो या कारणासाठी.

माती पाणी पिते की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. मागच्या अंगणात मध्यावर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा पहारीने खणा. रात्री तो पाण्याने भरून ठेवा. सकाळी उरलेले पाणी उपसा, पुन्हा भरा, त्यात एक पट्टी उभी धरा आणि तासाभराने पाणी किती उतरले ते वाचा. तासाला एक इंच किंवा अधिक उतरले तर जमीन चांगली आहे. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरले तर कोणतेही खत किंवा रेती टाकून ती पाणी पिऊ लागेल अशी आशा धरू नये, पाणी बाहेर काढण्याचीच सोय करावी. खड्ड्याच्या बाजूही नीट पाहा. वरून चार बोटे तांबूस माती, मग विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे, मग निळसर काळा, हाताला साबणासारखा लागणारा थर दिसला, तर ती खाडीची माती आहे असे समजावे.

अशा जमिनीत शोषखड्डा घेऊ नये. सुमारे वीस वर्षांपूर्वी नेरूळमध्ये खाडीपासून जवळच एका घरी मी मोठ्या विश्वासाने मीटरभर खोल शोषखड्डा करून दिला होता, आणि जुलैच्या एका मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस थांबलेला असतानाही तो तळातून भरत असल्याचे त्या घरातील आजींनी मला फोन करून सांगितले. भूजल वर आले की खड्डा पाणी घेत नाही, उलट देतो. मी तो स्वखर्चाने बुजवून तिथे चर काढून दिली. तेव्हापासून खाडीकडच्या भागात मी उथळ चरच काढते. तुमच्याकडेही मागच्या कुंपणालगत एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणून, तळाशी जिओ-टेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) अंथरून, त्यावर चार इंच व्यासाचा, छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाईप ठेवावा, भोवती ४० मिलिमीटरची खडी भरावी, कापड वरून मिटावे आणि त्यावर बारीक खडी पसरावी. पाईपला पावसाळी गटाराच्या दिशेने सलग ढाळ हवा. तो सांडपाण्याच्या चेंबरला चुकूनही जोडू नये. तसे जोडणे नियमात बसत नाही, आणि गटार तुंबले की तेच पाणी तुमच्या न्हाणीघरातून वर येते. गच्चीचा पाईपही कोपरा बसवून याच चरीत आणावा. त्याच्या तोंडाशी जाळी बसवावी आणि ती पावसाळाभर आठवड्यातून एकदा साफ करावी, कारण गुलमोहराची बारीक पाने जाळीवर चिखलाच्या थरासारखी बसतात.

अंगणाच्या पृष्ठभागाला भिंतीकडून चरीकडे ढाळ देणे हे यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. मातीच्या अंगणाला दर १० फुटांमागे दोन ते अडीच इंच ढाळ असावा. तो नजरेने ठरत नाही. गवंड्याकडून पाणसळ लावून दोन खुंट्यांना दोरी बांधून घ्यावी. उंच भागातली माती खरवडून सखल भागात टाकावी, बाहेरून ट्रकभर लाल माती आणून सगळेच उंचावू नये. जोत्याचे किमान सहा इंच नेहमी उघडे दिसले पाहिजेत. वाशीतील एका घरी ठेकेदाराने नव्या वाफ्यासाठी भिंतीला टेकून दीड फूट माती चढवून दिली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात दिवाणखान्याच्या भिंतीने ओल धरली आणि रंगाचे पोपडे सुटले. मी गेले तेव्हा ती माती बाजूला केली, आणि भिंत पूर्ण वाळायला पुढचा उन्हाळा यावा लागला.

आता पेव्हर ब्लॉकविषयी. तुमच्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, चिखलाचा त्रास त्यांनीही सोसला असणार, पण सलग पेव्हर बसवल्याने पाणी नाहीसे होत नाही, ते फक्त वेगाने दुसरीकडे जाते, आणि १० फुटी अंगणात ते दुसरीकडे म्हणजे तुमच्याच दारात किंवा त्यांच्याच कुंपणात. शिवाय दिवसभर ऊन खाल्लेली फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते आणि मागची खोली तेवढी गरम होते. चालण्यापुरती कोरडी वाट हवी, हे मात्र मला मान्य आहे. त्यासाठी मी जांभ्याचे चिरे सुचवते. खालची माती ठोकून घेऊन त्यावर तीन-चार इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरावी, चिरे सुटे मांडावेत आणि सांध्यांत सिमेंट न भरता कचच भरावी, म्हणजे पाणी सांध्यांतून खाली झिरपते. जांभ्याचा एक दोष आहे: सावलीत तो जुलैपर्यंत शेवाळतो आणि निसरडा होतो. घरात वयस्कर माणसे असतील तर जिथे ऊन पोहोचत नाही तिथे जांभ्याऐवजी खडबडीत शहाबादी फरशी घ्यावी, घोटीव कडप्पा तर कुठेच घेऊ नये.

पुढच्या हिरवळीचे निदान करायला पाच मिनिटे लागतात. पिवळ्या भागात खुरप्याने सहा इंचांचा चौकोन कापून गवताचा तुकडा उचला. गवत मुळांशिवाय, चटई उचलावी तसे हातात आले आणि खाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळे खाणारी अळी, आहे. मुळे शाबूत आहेत पण इंचभरच खोल आहेत असे दिसले, तर रोज संध्याकाळी पाईपने थोडे-थोडे पाणी शिंपडल्याचा आणि माती दडपल्याचा तो परिणाम आहे. बोअरवेलचे पाणी घालत असाल तर मातीवर पांढुरका थर आला आहे का आणि पानांच्या कडा करपल्या आहेत का, तेही पाहा, कारण खाडीलगतच्या बोअरचे पाणी उन्हाळ्यात अधिक खारट होते. हा खारटपणा पहिल्या चांगल्या पावसात धुऊन जातो, म्हणून त्यासाठी आत्ता काही करण्याची गरज नाही, फक्त ते पाणी बंद करावे.

तुमची हिरवळ हरळीची असेल, म्हणजे ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो त्याच जातीची, तर तिच्या पिवळेपणाची काळजी करू नका. हरळी उन्हाळ्यात वाळल्यासारखी होते आणि पाऊस लागताच जमिनीखालच्या कांड्यांतून पुन्हा फुटते. मे महिन्यात मोरबे धरणाचे पिण्याचे पाणी ओतून ती हिरवी ठेवण्याचा अट्टाहास मला पटत नाही. चार दिवसांतून एकदा, पहाटे, अर्धा इंच पाणी द्यावे. कडेला सरळ बाजूंचा एखादा डबा ठेवला की किती पाणी पडले ते मोजता येते. कापणी दोन इंचांच्या खाली नेऊ नये. युरिया तर आत्ता मुळीच टाकू नये, तापलेल्या कोरड्या मातीत तो मुळे जाळतो. त्याऐवजी टोकदार फोर्कने सहा-सहा इंचांवर तीन-चार इंच खोल भोके पाडून त्यांत चाळलेले कंपोस्ट झाडूने लोटावे. हे अंग मोडणारे काम आहे, माळ्याकडून दोन सकाळी लावून करून घ्या, पण पाऊस आल्यावर त्याचा जो फरक दिसतो तो नव्या हिरवळीच्या गादीनेही दिसत नाही. गुलमोहराच्या सावलीतला भाग मात्र हिरवळीसाठी सोडून द्या. तिथे गवत कधीच नीट वाढणार नाही.

ठिकठिकाणी लव्हाळा असेल तर त्याचा बंदोबस्त करायला याच्याइतका चांगला काळ वर्षभरात नाही. पाने उपटून काही होत नाही, जमिनीत गाठी राहतात. मागच्या अंगणाची माती आत्ता वीतभर खोल उलटून ठेवा, गाठी उन्हात वाळू द्या, आठ दिवसांनी पुन्हा उलटा. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात तिच्यामागे हेच कारण आहे, आणि कोशात बसलेल्या किडी वर येऊन साळुंक्या-कावळ्यांना मिळतात हा आणखी एक लाभ.

खताच्या बाबतीत एक चूक मी वारंवार पाहते. पाऊस तोंडावर आला म्हणून लोक गोठ्यातले ओले शेणखत आणून वाफ्यांत पसरतात. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीसारख्या झाडांवर जमतात आणि माद्या नंतर मातीत, विशेषतः अर्धवट कुजलेल्या शेणाच्या आसपास, अंडी घालतात. नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगाही अशाच शेणाच्या ढिगात वाढतो. म्हणून शेणखत पूर्ण कुजलेले, काळसर, चहाच्या भुकटीसारखे सुटे आणि वास नसलेले असावे. हातात दाबल्यावर त्यात गवताची काडी ओळखू येत असेल तर ते आणखी दोन महिने झाकून ठेवा. तुमच्याकडे गुलमोहराची पाने भरपूर पडत असतील. ती जाळू नका, उघड्यावर कचरा जाळण्यास मनाईही आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या तिप्पट सुकी पाने या मापाने थर लावले तर ऑक्टोबरपर्यंत स्वतःचे कंपोस्ट मिळेल. उरलेली पाने झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच जाडीने आच्छादन म्हणून पसरा, फक्त खोडाला टेकवू नका.

गुलमोहराविषयी मी थोडे सावधपणे लिहिते, कारण झाड न पाहता निर्णय देणे योग्य नाही. या झाडाचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळे उथळ, त्यामुळे जूनच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. बुंध्याभोवती एका बाजूस मातीला भेग पडली आहे का, खोडाच्या तळाशी छत्रीसारखी बुरशी आली आहे का, लाकडी दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, आणि झाड गेल्या वर्षीपेक्षा अधिक झुकले आहे का, या चार गोष्टी आजच पाहा. यांपैकी एकही आढळली तर महापालिकेच्या उद्यान विभागास लगेच लेखी कळवा. झाड तुमच्या अंगणात असले तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि छाटणीसाठीही आधी अर्ज करावा.

परवानगी मिळाल्यावर छाटणी कशी होते याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या. शेंडा उडवून झाडाचा खुंट करणे ही छाटणी नव्हे. त्या जखमांतून पुढच्या वर्षी जे फुटवे येतात ते वरवर जोडलेले असतात आणि तेच आधी मोडतात. वाळलेल्या, एकमेकांना घासणाऱ्या आणि तारांकडे झुकलेल्या फांद्या विरळ कराव्यात. जाड फांदी कापताना आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप द्यावा, मग थोडे पुढे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढावा. असे केले म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. कावळे याच दिवसांत घरटी करतात, तेव्हा कोयता चालवण्यापूर्वी फांद्या नीट न्याहाळाव्यात. बुंध्याभोवती कुणी सिमेंट केले असेल तर ते चारही बाजूंनी किमान तीन फुटांपर्यंत फोडून माती उघडी करा, जाड मुळांना मात्र पहार लागू देऊ नका.

नारळ आणि आंबा यांविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची मला जाणीव आहे. दोन नारळांत २५ फुटांचे अंतर ठेवतात, कलमी आंब्याला ३० फुटांहून अधिक जागा देतात; १० फुटी अंगणात यांतले कोणतेही झाड दहा वर्षांनी भिंतीला, छपराला किंवा शेजाऱ्यांना भिडणार, आणि तेव्हा ते तोडण्याचा अर्ज तुम्हालाच करावा लागेल. त्याऐवजी भिंतीपासून पाच-सहा फुटांवर एक प्राजक्त, उन्हाच्या कोपऱ्यात कागदी लिंबू किंवा कढीपत्ता आणि खिडकीजवळ अनंत लावा. चरीच्या कडेला, जिथे ओल राहणारच आहे, तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का लावावा. या तिघांना पाय ओले असलेले चालतात. पुढे गुलमोहराखाली हिरवळीऐवजी स्पायडर लिली शोभून दिसेल.

खड्डे मात्र आत्ताच खणा. झाडांसाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. लागलेले डेब्रिज टोपल्यात भरून बाहेर काढा आणि खड्डा पंधरा दिवस उन्हात उघडा ठेवा. मग वरच्या थरातली माती, एक तृतीयांश कुजलेले शेणखत आणि खड्ड्यामागे अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून तो जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरा, कारण माती बसते. रोपे आत्ता विकत घेऊ नका. पहिल्या सरीला लावलेले रोप जमिनीच्या वाफेने कोमेजते आणि नंतर पाऊस दहा दिवस दडी मारून बसला तर मरते. दीड फुटापर्यंत माती ओली झाली की, म्हणजे बहुधा जूनच्या अखेरीस, ढगाळ दिवस पाहून लावा. हरळीच्या रिकाम्या जागाही तेव्हाच चार-पाच इंचांवर मुळे खोचून भरा.

कुंड्यांखालच्या ताटल्या पाऊस लागण्यापूर्वी उचलून ठेवा, त्यांतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. विटा, फुटक्या कुंड्या आणि लाकडांचा ढीग मागे असेल तर तोही हलवा, कारण मोठ्या आफ्रिकन गोगलगायी उन्हाळा अशाच आडोशाला काढतात. त्या वेचताना हातमोजे घालावेत.

पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन मागच्या अंगणात उभे राहा आणि जिथे पाणी अर्ध्या तासानंतरही थांबलेले दिसेल तिथे खुंट्या ठोकून ठेवा. चर आणि ढाळ दोन्ही नीट झाले असले तरी ताजी हलवलेली माती पहिल्या पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतेच. नोव्हेंबरमध्ये जमीन कोरडी झाली की त्या खुंट्यांपाशी माती भरून ढाळ पुन्हा तपासा, आणि जांभ्याचे चिरे त्यानंतर मागवा.